थकलेला पगार वसूल कसा करायचा? कामगार आणि त्यांच्या घरच्यांसाठी माहिती

"पार्टीचं पेमेंट आलं की देतो." "ईदनंतर बघू." "तू काय परका आहेस का, पळून चाललोय का मी?"

पगार मागायला गेलेल्या माणसाला ही उत्तरं पाठ झालेली असतात. आमचा एक माजी विद्यार्थी बॅगा शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. रमजानच्या शेवटच्या दिवसांत तो आमच्याकडे आला, तेव्हा त्याचे तीन महिन्यांचे पैसे अडकले होते. सेठ त्याच्या अब्बांच्या ओळखीचे. नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही. फक्त खिशातली एक छोटी वही होती आणि तीत त्याने उर्दूत रोजची हजेरी लिहून ठेवली होती. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या मुलाकडे तेवढंही नव्हतं.

कामगार कार्यालयात दोघांचे अर्ज गेले. मालकाला बोलावणं आलं. वहीवाल्या मुलाचा हिशोब तारखेसह समोर ठेवता आला आणि त्याची रक्कम दोन हप्त्यांत ठरली. दुसऱ्याला मात्र किती दिवस काम केलं हेच सांगता येईना. त्याला शेवटी मालक म्हणेल त्या आकड्यावर समाधान मानावं लागलं. काम दोघांनी सारखंच केलं होतं.

घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही ताकीद आपल्या घरोघरी माहीत आहे. थकलेली मजुरी हे मालकावरचं कर्जच आहे. तरीही आपल्याकडे ओळखीच्या माणसाविरुद्ध अर्ज करणं म्हणजे भांडण लावणं, असं समजलं जातं. आमचं मत असं की हक्काचे पैसे कागदावर आणि नरमाईने मागण्यात काहीच गैर नाही. ते कसे मागायचे, ते पुढे क्रमाने देत आहोत.

पगार थकला असं कधी म्हणायचं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. पगाराबाबतचे जुने चार कायदे तिने एकत्र केले. त्यात १९३६ चा वेतन प्रदान कायदा आणि १९४८ चा किमान वेतन कायदाही आला. पगार देण्याच्या मुदती अशा आहेत:

- रोजंदारी असेल तर पाळी संपताना.
- आठवड्याचा पगार असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, म्हणजे सुट्टीच्या आधी.
- पंधरवड्याचा असेल तर पंधरवडा संपल्यावर दोन दिवसांच्या आत.
- महिन्याचा असेल तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत.
- काम सोडलं, काढून टाकलं किंवा कारखाना बंद झाला तर कामाच्या दोन दिवसांत सगळा हिशोब.

शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा. "नोकरी सोडलीस ना, आता दोन महिन्यांनी ये" असं म्हणायचा हक्क मालकाला नाही.

हा कायदा कोणाला लागू आहे?

जुन्या वेतन प्रदान कायद्यात महिना २४,००० रुपयांची मर्यादा होती. त्यापेक्षा जास्त पगार असणारा त्याखाली येत नसे. नव्या संहितेत अशी मर्यादा नाही. यंत्रमाग, बेकरी, गॅरेज, दुकान, हॉटेल, शिलाईचा कारखाना, ऑफिस, सगळीकडचे नोकर यात येतात. सुपरवायझर आणि मॅनेजरही येतात.

नोकरीच्या अटी लेखी असल्या पाहिजेत असंही नाही. तोंडी ठरलेलं किंवा वागण्यातून दिसणारं कामही नोकरीच धरलं जातं. मीटरवर, नगावर किंवा डझनावर मजुरी मिळते म्हणून तुम्ही कामगार नाही, असं होत नाही.

दोन ठिकाणी रस्ता वेगळा आहे. घरकाम करणाऱ्या बायकांचं काम एखाद्याच्या घरात असतं आणि घर हे धंद्याचं ठिकाण नाही, त्यामुळे ही संहिता त्यांच्या कामी येत नाही. त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा मार्ग आहे, तो पुढे दिला आहे. खासगी शाळांतल्या शिक्षकांना १९७७ चा सेवाशर्तींचा वेगळा कायदा आहे आणि त्यांची तक्रार आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते.

आधी पुरावा गोळा करा

पगार दिला की नाही यावर वाद झाला तर दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. कायद्यात हे स्पष्ट लिहिलं आहे. पण तुम्ही तिथे कामाला होता आणि इतके दिवस होता, एवढं तरी तुम्हाला दाखवावंच लागतं. बहुतेक लोक इथेच अडकतात. काय काय चालतं ते पाहा:

१. ओळखपत्र, गेटपास, नेमणुकीचं पत्र, पगाराची चिठ्ठी.
२. बँकेचं पासबुक किंवा यूपीआयच्या नोंदी. आधीचे दोन-तीन पगार खात्यात आले असतील तर तोच मोठा पुरावा.
३. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप. "उद्या सकाळी ये, माल न्यायचा आहे" असा साधा मेसेजही उपयोगी पडतो. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ मेसेज पुसू नका आणि तो फोन विकू नका.
४. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन नंबर किंवा ईएसआयचा नंबर.
५. तुमच्या हातची हजेरीची वही. उर्दूत असली तरी हरकत नाही, सोबत मराठी भाषांतर जोडा.
६. बरोबर काम करणाऱ्यांची नावं आणि ते सांगायला तयार आहेत का, हे.
७. दुकानाच्या किंवा कारखान्याच्या पाटीचा फोटो, बिलबुकावरचं नाव आणि जीएसटी नंबर. मालकाचं खरं नाव आणि फर्मचं नाव वेगळं असतं, म्हणून हे लागतं.

ज्यांचा पगार आज वेळेवर मिळतोय, त्यांनीही वही आजपासूनच सुरू करावी. तारीख, किती तास किंवा किती नग, मिळालेले पैसे, घेतलेली उचल. रोज दोन मिनिटांचं काम आहे. मुलं शाळेत जात असतील तर हे काम त्यांना द्या, त्यांचं गणितही पक्कं होईल.

हिशोब मांडा

कार्यालयात "माझे बरेच पैसे आहेत" असं म्हणून भागत नाही, आकडा लागतो. एक उदाहरण घेऊ. रोज ६०० रुपये, महिन्याला २६ दिवस, तीन महिने थकले.

७८ दिवस × ६०० = ४६,८०० रुपये
घेतलेली उचल = ८,००० रुपये
बाकी = ३८,८०० रुपये

उचल लपवू नका. मालक ती दाखवणारच, आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही भरवसा जातो. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त काम केलं असेल तर ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, तो वेगळ्या ओळीत मांडा. तुमच्या कामाला सरकारने ठरवलेलं किमान वेतन तुमच्या मजुरीपेक्षा जास्त असेल, तर तो फरकही मागता येतो. किमान वेतनाचे दर कामगार कार्यालयात विचारले की सांगतात.

"माल खराब केलास" म्हणून पैसे कापले तर?

मालकाला हवी तशी कपात करता येत नाही. गैरहजेरी, उचल, भविष्य निर्वाह निधी अशा ठरलेल्या कारणांसाठीच पैसे कापता येतात, आणि एका पगारातली सगळी कपात मिळून निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल तरच त्याची भरपाई कापता येते. तीही झालेल्या नुकसानीपुरतीच, आणि आधी कामगाराचं म्हणणं ऐकून. दंड लावायचा तर तो त्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. धागा तुटला, कप फुटला म्हणून अख्खा आठवडा बुडवणं बेकायदा आहे.

पायरी १ : लेखी मागणी

फोनवर किंवा तोंडी मागणं बस करा आणि एक साधं पत्र द्या. नमुना असा:

> प्रति,
> मालक / व्यवस्थापक, (फर्मचं नाव व पत्ता)
>
> विषय : थकीत वेतन मिळणेबाबत.
>
> महोदय,
> मी आपल्याकडे दि. ____ पासून दि. ____ पर्यंत ____ या कामावर होतो/होते. माझे वेतन दररोज/दरमहा रु. ____ ठरले होते. दि. ____ ते दि. ____ या काळातील रु. ____ इतके वेतन मला अद्याप मिळालेले नाही. घेतलेली उचल रु. ____ वजा करून रु. ____ बाकी आहे. हिशोब सोबत जोडला आहे.
> हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत ही रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करावी. तसे न झाल्यास मला वेतन संहिता, २०१९ अन्वये दाद मागावी लागेल.
>
> आपला/आपली,
> (नाव, सही, मोबाइल, तारीख)

दोन प्रती काढा. एकीवर मालकाची सही-तारीख, म्हणजे पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. त्याच पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. पत्रात शिवी, धमकी, टोमणा काही नको. हेच पत्र उद्या अधिकाऱ्यांसमोर जाणार आहे.

बरीच प्रकरणं इथेच मिटतात. मालक "निम्मे घे आणि मिटव" म्हणाले तर तो निर्णय तुमचा. पण जे ठरेल ते लिहून घ्या, हप्त्यांच्या तारखांसह.

पायरी २ : कामगार कार्यालय

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर तुमच्या जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात अर्ज द्या. मुंबईत कामगार आयुक्तांचं मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे. अर्ज मराठीत चालतो. सोबत मागणीपत्राची प्रत, पोच किंवा पावती, हिशोब, पुराव्यांच्या झेरॉक्स आणि ओळखीचा पुरावा लावा. मूळ कागद देऊ नका, फक्त दाखवा. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अधिकारी मालकाला बोलावतात आणि दोघांना समोरासमोर बसवतात. तारखेला स्वतः हजर राहा. एक दिवसाची मजुरी बुडेल म्हणून गैरहजर राहिलात तर मालकाच्या पथ्यावर पडतं.

पायरी ३ : दावा

तिथे मिटलं नाही तर वेतन संहितेच्या कलम ४५ खाली नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे दावा करायचा. त्यातल्या मुख्य गोष्टी:

- अर्ज कामगार स्वतः करू शकतो. त्याची नोंदणीकृत युनियन किंवा कामगार खात्याचा निरीक्षकही करू शकतो.
- एकाच मालकाकडे दहा-वीस जणांचे पैसे अडकले असतील तर सगळ्यांचा मिळून एक अर्ज चालतो. एकट्यावर दबाव येतो, दहा जणांवर तितका येत नाही.
- मुदत तीन वर्षांची आहे. योग्य कारण दाखवलं तर उशिराचा अर्जही घेता येतो.
- तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा सांगतो.
- थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहा पटीपर्यंत भरपाईचा हुकूम करता येतो. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्येकाला दहा पट मिळेल असं समजू नका.

२१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीची थकबाकी असेल तर एक सावधगिरी. जुन्या वेतन प्रदान कायद्यात दाव्याची मुदत फक्त एक वर्ष होती. तेव्हाचं प्रकरण असेल तर आता आणखी थांबू नका, लगेच कार्यालय गाठा.

पायरी ४ : हुकूम झाला, पण पैसे नाही आले

मालकाने हुकूम पाळला नाही तर प्राधिकारी जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचा दाखला पाठवतात. मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. हे आपोआप होईल असं धरून बसू नका. दाखला गेला का, कोणत्या टेबलावर आहे, हे स्वतः विचारत राहा. हुकूम मान्य नसेल तर दोघांपैकी कोणालाही ९० दिवसांत अपील करता येतं.

देय रकमेपेक्षा कमी पगार देणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*ठेकेदार पळून गेला, आता कोणाला पकडायचं?*
ज्याने कामावर ठेवलं त्याने पैसे दिले नाहीत तर ज्याचा कारखाना किंवा धंदा आहे तो मालक जबाबदार ठरतो. अर्जात ठेकेदार आणि मूळ मालक दोघांचीही नावं टाका.

*आधीच कोऱ्या कागदावर सही घेतली आहे. "माझा काही हक्क नाही" असं लिहून घेतलंय.*
कायद्याने मिळणारी रक्कम सोडून देणारा करार टिकत नाही. पण "पूर्ण पैसे मिळाले" अशा पावतीवर सही असेल तर मालक ती पैसे दिल्याचा पुरावा म्हणून दाखवणार. म्हणून हातात पैसे येईपर्यंत पावतीवर सही नको आणि कोऱ्या कागदावर तर कधीच नको. सही आधीच गेली असेल तर ती कशी घेतली, हे अर्जातच लिहा.

*कंपनीचं दिवाळं निघालं.*
दिवाळखोरीच्या प्रक्रियेत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे कामगारांनी मुदतीत आपला दावा नोंदवायचा असतो. कंपनी मोडीत निघाली तर कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जाते. दावाच नोंदवला नाही तर या हक्काचा उपयोग नाही.

*कामगाराचा इंतकाल झाला. पगार कोणाला?*
नॉमिनी म्हणून ज्याचं नाव दिलं आहे त्याला. नाव दिलेलं नसेल तर मालकाने रक्कम प्राधिकाऱ्याकडे जमा करायची असते आणि वारसांनी तिथे अर्ज करायचा. बेवा बहिणींनी मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं लवकर काढून ठेवावीत.

*पोलिसांत जाऊ का?*
नुसता पगार थकला असेल तर पोलीस कामगार कार्यालयाकडेच पाठवतात. मारहाण झाली, धमकी दिली, कोंडून ठेवलं किंवा आधार कार्ड अडकवलं असेल तर जरूर जा. उचल फिटेपर्यंत काम सोडूच देत नसतील तर ती वेठबिगारी आहे. १९७६ पासून तिला कायद्याने बंदी आहे, आणि त्याची तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

*वकिलाला पैसे कुठून आणायचे?*
१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने औद्योगिक कामगारांना आणि सर्व महिलांना मोफत वकील मिळतो, त्यांचं उत्पन्न कितीही असो. इतर गरिबांनाही उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० ही हेल्पलाइन आहे. घरकाम करणाऱ्या, किंवा घरी बसून शिलाई-जरीचं काम करणाऱ्या बहिणींनी इथूनच सुरुवात करावी. कोर्टात केस न करता दोघांना बोलावून लोकअदालतीत तडजोड करता येते.

आखातात अडकलेला पगार

रत्नागिरी आणि रायगडच्या किती तरी घरांचा चुलाणा दुबई, सौदी, कुवेतच्या पगारावर चालतो. तिथल्या कंपनीवर आपला वेतन कायदा चालत नाही. तक्रार त्या देशाच्या कामगार खात्याकडे करावी लागते आणि ती तिथे असतानाच करणं सोपं जातं. म्हणून "तू घरी जा, पैसे मागून पाठवतो" यावर विसंबून विमानात बसू नका. आधी तक्रार नोंदवा आणि नंबर घ्या. करार, बँकेची नोंद, व्हिसा आणि पासपोर्टच्या प्रती घरी पाठवून ठेवा. परतावंच लागत असेल तर आपल्या वकिलातीत जाऊन तिथला दावा पुढे चालवण्यासाठी मुखत्यारपत्राबद्दल विचारा. घरचे लोक इथे बसून परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकू शकतात. भरती करणारा एजंट नोंदणीकृत असेल तर त्याची तक्रार मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयात होते.

शेवटी, मालकांसाठीही दोन शब्द

आमच्या वाचकांत छोटे कारखानदार आणि दुकानदारही आहेत. मंदी असते, पार्टी पैसे बुडवते, हे आम्हाला माहीत आहे. अडचण असेल तर कामगारांना तारीख लिहून द्या, थोडे थोडे का होईना खात्यात टाका आणि दिलेल्या प्रत्येक पैशाची नोंद ठेवा. पगार दिला हे उद्या तुम्हालाच सिद्ध करायचं आहे, तेव्हा वही तुमच्याही कामी येईल.

आणि कामगार भावा-बहिणींना एवढंच सांगणं. एक महिना थकला की विचारा, दुसरा थकला की लिहून द्या, तिसऱ्याची वाट पाहू नका. आमचा तो विद्यार्थी आता दुसरीकडे कामाला आहे. पगार वेळेवर मिळतो, तरी वही खिशात असतेच. त्याच्या त्या मित्रानेही आता एक वही घेतली आहे.